एका वावराची पाच उत्पन्ने

उत्पन्न म्हणजे काय, या प्रश्नाला अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एकच उत्तर सापडते. यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात मात्र त्याची किमान पाच उत्तरे प्रचलित असून, त्यांपैकी कोणते द्यावयाचे हे विचारणारा कोण आहे यावरून ठरते. निर्गुडा नदीच्या काठच्या वणी गावाला कोळशामुळे काळे सोने आणि कापसामुळे पांढरे सोने अशी दोन्ही सोनी लाभलेली आहेत, आणि शेजारच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या असल्यामुळे चुना लावण्याच्या कलेसाठी कच्चा माल बाहेरून मागवावा लागत नाही. अशा संपन्न परिसरात एखाद्या बापाला आपल्या लेकराची पोटगी द्यावयाची वेळ आली की तो एकाएकी इतका निर्धन कसा होतो, हा अभ्यासाचा विषय आहे. आणि आईसुद्धा त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच्याइतकीच निर्धन होते, हे त्या अभ्यासाचे दुसरे प्रकरण आहे.

उदाहरणासाठी आठ एकरांचे एक वावर घ्यावे. वावर म्हणजे शेत. हा शब्द पुण्यामुंबईच्या वाचकाला सांगावा लागतो, वणीच्या वाचकाला शेत हा शब्द सांगावा लागेल. या वावराचे पहिले उत्पन्न सोयरिकीच्या बैठकीत जन्माला येते. मुलीचा मामा खाकरून विचारतो, “वावर किती हाये जी?” मुलाचा काका सांगतो, “तसं म्हणाल त आठच एकर. पण सारं ओलित. अन् खाण त्याच बाजूनं सरकून राह्यली.” या शेवटच्या वाक्याचे अर्थशास्त्रीय महत्त्व मोठे आहे, कारण खाण सरकत येणे म्हणजे भूसंपादन, भूसंपादन म्हणजे मोबदला आणि मोबदल्याबरोबर घरातील एकाला खाणीत नोकरी, त्यामुळे जे उत्पन्न अद्याप झालेले नाही, कदाचित पुढील पिढीतही होणार नाही, ते चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत वार्षिक उत्पन्नात धरले जाते.

दुसरे उत्पन्न बँकेत सांगावयाचे असते, तेथे पीककर्ज पाहिजे असल्यामुळे आठही एकर हिरवेगार असतात. तिसरे उत्पन्न पीकविम्यासाठी असते; पंतप्रधान पीक विमा योजनेत नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावे लागते, म्हणून जूनमध्ये बँकेपुढे डोलणारी कपाशी सप्टेंबरात तीन दिवसांच्या मुदतीत आडवी होते. (कपाशी खरोखर आडवी होते तेव्हा तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, ही या पद्धतीतील एकमेव गैरसोय.) चौथे उत्पन्न तहसील कार्यालयाच्या दाखल्यावर असते, ते मुलांच्या शिष्यवृत्तीपुरते बेताचे, आटोपशीर आणि बहुधा गोल आकड्याचे असते. या चारही उत्पन्नांबद्दल गावात कोणी कोणाला नावे ठेवत नाही, कारण प्रत्येकाच्या कपाटात ती चारही निरनिराळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवलेली असतात. पाचवे उत्पन्न न्यायालयासाठी असते. ते ऋण असते.

महसूल खात्यात पैसेवारी नावाची एक संकल्पना आहे. चांगल्या वर्षाचे पीक रुपयाएवढे मानले तर यंदाचे पीक किती पैशांएवढे आले, याचा गावनिहाय अंदाज म्हणजे पैसेवारी, आणि ती ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींचा विचार सुरू होतो. माणसांचीही अशीच पैसेवारी असते, फरक एवढाच की ती पावसावर अवलंबून नसते. सोयरिकीच्या दिवशी ज्याची पैसेवारी शंभर पैसे होती, कधी कधी उत्साहाच्या भरात एकशे दहाही झाली होती, त्याच माणसाची पोटगीची नोटीस हाती पडल्याच्या दिवशी ती बारा पैशांवर येते, आणि त्या वर्षी तालुक्यात पाऊस उत्तम झालेला असतो.

पोटगी म्हणजे पोटापाण्यासाठी दरमहा द्यावयाची रक्कम. मात्र या शब्दातील पोट कोणाचे, हे व्याकरणाने सांगितलेले नसल्यामुळे न्यायालयात प्रत्येक पक्ष आधी स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवतो. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बायकोमुलांना टाकून देणाऱ्या माणसाकडून वसूल करावयाच्या या रकमेवर महिना ५० रुपयांची कमाल मर्यादा होती; ती वाढत वाढत १९५५ मध्ये ५०० रुपयांवर आली, १९७३ च्या नव्या संहितेने कलम १२५ मध्ये हा ५०० चा आकडा तसाच उचलला, आणि २००१ मध्ये संसदेने ही मर्यादाच काढून टाकली. त्या ५०० रुपयांच्या काळातील बापांना आपल्या गरिबीवर फारसे साहित्यिक परिश्रम घ्यावे लागत नसत, कारण जास्तीत जास्त काय जाणार हे आधीच छापलेले होते. मर्यादा गेल्यावर मात्र दारिद्र्यवर्णनाला बहर आला. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे, पण वणीच्या पानठेल्यावर पोटगीच्या दाव्याला आजही ‘एकशे पंचवीसची केस’ म्हणतात, आणि ज्याच्यावर ती झाली आहे त्याच्याकडे पाहण्याची नजरही जुन्या संहितेतीलच आहे.

कलमाची भाषा साधी आहे. पुरेशी साधने असूनही जो आपल्या लेकराचे पालनपोषण करण्यात हयगय करतो किंवा ते नाकारतो, त्याला दरमहा रक्कम देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. सगळा खेळ ‘पुरेशी साधने’ या दोन शब्दांवर आहे. साधने म्हणजे केवळ हाती असलेले पैसे नव्हेत. शरीर धडधाकट असून काम करण्याची ताकद असेल, तर तेही साधनच समजावे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी घेतली आहे. तिचा परिणाम वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेत बैलाची जोडी एकट्याने आवरणारा गृहस्थ न्यायालयाच्या पायरीवर पाय ठेवताच कंबर धरतो, आणि पेशी आटोपून फाटकाबाहेर आला की त्याच कमरेने मोटारसायकलला किक मारतो. (पेशी म्हणजे सुनावणीची तारीख. विदर्भात माणूस पेशीवर जातो, आणि बहुतेक वेळा पुढची पेशी घेऊन परत येतो.)

हे प्रकरण नेमके कोठे चालवावयाचे, यातही गंमत आहे. कौटुंबिक न्यायालयांचा १९८४ चा कायदा मुख्यतः दहा लाखांवर लोकसंख्या असलेली शहरे डोळ्यांपुढे ठेवून झाला, आणि २०११ च्या जनगणनेत वणी साठ हजारांच्या आत होती. त्यामुळे येथील नवराबायकोला आपली भांडणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, चोरी, मारामारी आणि अवैध दारू यांच्या रांगेत उभे राहून मांडावी लागतात. शिवाय वणी हे गाव भूगोलाने थोडे गोंधळात टाकलेले आहे. जिल्हा यवतमाळ, लोकसभेचे मतदान चंद्रपुरात, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात, आणि नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीच्या पायथ्याशी याच नावाचे दुसरे गाव. गैरअर्जदाराला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला, या दोन वण्यांचा फार आधार वाटतो. “नोटीस भेटली नाही का?” असे विचारल्यावर तो शांतपणे सांगतो, “दुसऱ्या वणीले गेली असंल, साहेब.” पाकिटावर जिल्हा, तालुका, पिनकोड आणि ‘जैताईच्या देवळाजवळ’ अशी खूणही लिहिलेली असते, तरी नोटिशीने सप्तशृंगीच्या दर्शनाला जाऊन यावे अशी त्याची श्रद्धा असते.

आता या कथेतील सर्वांत मोलाचा दस्तऐवज पाहावयास हवा, आणि विदर्भाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट ही की त्याचे मूळ नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात आहे. तेथे सप्टेंबर २०१३ मध्ये एका आईने आपल्यासाठी व लहान मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. अंतरिम म्हणजे मुख्य निकाल लागेपर्यंत दरम्यानच्या काळापुरती, आणि कायद्याची अपेक्षा अशी की असा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली निघावा. न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आईला महिना १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये ठरवून दिले. बापाने या आदेशाला नागपूर खंडपीठापुढे आव्हान दिले, ते ऑगस्ट २०१८ मध्ये फेटाळले गेले. मग तो दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी खालचाच आदेश कायम केला. ‘दरम्यानच्या काळापुरती’ या शब्दसमूहात सात वर्षे बसू शकतात, हे यातून मराठी कोशकारांनी टिपून ठेवण्यासारखे आहे. तेवढ्या काळात मूल चालावयास, बोलावयास, शाळेत जावयास आणि बहुधा बेरीज-वजाबाकी करावयास शिकते.

या निकालात न्यायमूर्तींनी एक निरीक्षण नोंदवले आहे, ते कोणत्याही विनोदी लेखकाला हेवा वाटावा असे आहे: बायकोचा कल गरजा फुगवून सांगण्याकडे आणि नवऱ्याचा कल खरे उत्पन्न दडवण्याकडे असतो. मग त्यांनी देशभरासाठी फर्मावले की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व देणी यांचे ठरावीक नमुन्यातील शपथपत्र दाखल करावे. नमुने वेगवेगळे दिले. त्यांतला एक खास शेतकऱ्यांसाठी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या शपथपत्रांची आठवण पुन्हा करून द्यावी लागली, यावरून ती भरण्याचा उत्साह देशात सर्वत्र सारखाच असावा असे दिसते.

शेतकऱ्यांसाठीचा नमुना वाचताना तो वणीच्या बाजार ओळीत बसूनच लिहिला असावा असा भास होतो. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, पिके कोणती, मागील तीन वर्षांचे उत्पन्न किती, दुसऱ्याची जमीन बटईने केली आहे काय, असे विचारून झाल्यावर तो जनावरांकडे वळतो आणि म्हशी, गाई, शेळ्या, कोंबड्या, मासे, मधमाश्या व डुकरे यांची संख्या आणि त्यांपासूनचे उत्पन्न विचारतो. बटई म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणे. हा शब्द खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या इंग्रजी मजकुरात आलेला पाहून तालुक्यातील अनेकांना आपले बिंग दिल्लीपर्यंत फुटल्याचा धक्का बसतो. वकिलाच्या खोलीत हा रकाना भरला जातो तो प्रसंग साधारण असा असतो:

“म्हशी किती?”

“मायी एकबी नाई, साहेब.”

“गोठ्यात चार बांधल्या आहेत असं बाई म्हणतात.”

“बांधल्या हाये. पण त्या भावाच्या हाये.”

“भाऊ कुठे असतो?”

“सुरतले.”

“मग दूध कोण काढतं?”

“दूध मीच काढतो जी. पण भावाच्या वतीनं.”

मधमाश्यांचा रकाना आला की वकीलसाहेब चष्मा काढून पुसतात. “बांधावरच्या बाभळीवर एक पोळं हाये, ते लिहाचं काय?” असा प्रामाणिक प्रश्न येथे विचारला जातो; संपूर्ण शपथपत्रात पक्षकाराने स्वखुशीने उघड केलेली ही एकमेव मालमत्ता असते.

खाणीतील कामगाराची अडचण निराळी आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी या भागाचा कणा आहेत, आणि तेथील नोकरीचे मोल सोयरिकीच्या बाजारात कोणत्याही ओलितापेक्षा जास्त आहे. पण तिला एक जन्मजात दोष आहे, तो म्हणजे पगारपत्रक. पगारपत्रकावर आकडा छापलेला असतो आणि तो सुरतला पाठवता येत नाही. तेव्हा तो खालून पोखरावा लागतो, ज्या कामाचा या वर्गाला व्यावसायिक अनुभव असतोच. नोटीस आल्याच्या महिन्यापासून पगारपत्रकाच्या उजव्या बाजूला कपातींची खुली खाण सुरू होते: पतसंस्थेचे कर्ज, सोसायटीचे कर्ज, भिशीची उचल, भविष्यनिर्वाह निधीत स्वेच्छेने वाढवलेली वर्गणी, दोन नव्या विमा पॉलिसी. सहा महिन्यांत हाती येणारा पगार इतका खोल जातो की तेथे दिवा घेऊन उतरावे लागते. न्यायालये मात्र सामान्यतः प्राप्तिकरासारख्या सक्तीच्या कपातीच वजा धरतात आणि हौसेने काढलेली कर्जे बाजूला ठेवतात, ही गोष्ट कामगाराला उशिरा कळते, तोपर्यंत हप्ते सुरू झालेले असतात. लेकराला महिना सहा हजार देणे परवडत नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याने महिना अकरा हजारांचे हप्ते अंगावर घेतलेले असतात, आणि आता त्याला खरोखरच काही परवडत नाही. खोटे बोलून गरीब ठरू पाहणारा माणूस खरेपणाने गरीब होण्याचे हे उदाहरण नीतिकथाकारांच्या नजरेतून निसटले आहे.

२०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या हाती येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम बायकोसाठी योग्य मानली, तेव्हापासून पानठेल्यावरील कायदेपंडित ‘रुपयातले चार आणे’ असा सरसकट भाव सांगतात. हा भाव लेकरासाठी नव्हता आणि प्रत्येक प्रकरणाला लागू करावयाचा ठोकताळाही नव्हता, हे सांगण्याचा प्रयत्न करणाऱ्यास “तुमी वकील हाये काय?” असे विचारून गप्प केले जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये याहून चविष्ट उपमा वापरली होती: कुटुंबाची साधने हा एक केक समजावा, कमावत्या नवऱ्याला बाहेरच्या खर्चापायी दोन भाग द्यावेत आणि बाकी प्रत्येकाला एकेक. वणीत ही उपमा अडखळते, कारण केक फक्त वाढदिवसाला कापतात आणि तो बराचसा तोंडाला फासतात. तरी हिशेब समजावयास सोपा आहे. अडचण येते ती केक आणला कोणी, तो केवढा होता, आणि मुळात तो आणला होता काय, या मुद्द्यांवर. गैरअर्जदाराचे म्हणणे असे असते की केक नव्हताच, फक्त डबा होता, आणि डबाही शेजाऱ्याचा.

कोळसा वाहणाऱ्या ट्रकांच्या मालकांबाबत तर डबाही हाती लागत नाही. ट्रक मेहुण्याच्या नावावर, घर आईच्या नावावर, मोबाइल मित्राच्या नावावर. स्वतःच्या नावावर फक्त ही केस. पण दैवाने अशा माणसांना व्हॉट्सॲपचे स्टेटस दिले आहे. पांढऱ्या जीपगाडीच्या बॉनेटला टेकून, काळा चष्मा लावून, खाली ‘भाऊंचा नाद नाय करायचा’ असे लिहिलेले छायाचित्र उलटतपासणीत पुढे येते, तेव्हा संवाद थोडक्यात आटोपतो. “हे छायाचित्र तुमचेच?” “हो.” “गाडी?” “दुसऱ्याची.” “चष्मा?” या ठिकाणी गैरअर्जदार वकिलाकडे पाहतो आणि वकील छताकडे पाहतात.

एकाच बाजूचे हसे करणे अशास्त्रीय ठरेल. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० ने लेकराच्या पालनाची जबाबदारी बाप आणि आई या दोघांवरही टाकलेली आहे, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एका नोकरदार जोडप्याच्या प्रकरणात प्रत्येक मुलाचा खर्च महिना ३,००० रुपये धरून तो बाप दोन आणि आई एक या प्रमाणात वाटून दिला, कारण बापाचा पगार साधारण दुप्पट होता. म्हणजे आईची साधनेही हिशेबात येतात. आणि हे कळल्यापासून शिवणयंत्रांवर मोठे संकट आले आहे. लग्नात ‘शिवणकाम, ब्युटी पार्लरचा कोर्स आणि शिकवण्या’ अशा तीन कलांनी मिरवलेली सून शपथपत्रात निव्वळ ‘गृहिणी’ होते. शिवणयंत्र बंद पडलेले असते, पार्लरची पाटी माहेरच्या भिंतीवर असते पण ती ‘वहिनीची’ असते, आणि शिकवणीला येणारी अकरा मुले केवळ प्रेमापोटी येतात. खर्चाच्या बाजूस मात्र लेकराला दिवसाला दोन लिटर दूध, आठवड्याला एक वहीसंच आणि वर्षाला सात जोडी बूट लागतात. या आकड्यांवर विश्वास ठेवला तर ते मूल गोगलगायीच्या नव्हे, गोमेच्या कुळातील असले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नमुन्यात प्रत्येकाला दुसऱ्याच्या मिळकतीविषयीही माहिती देता येते, आणि या भागात दोघांचीही प्रतिभा खरी फुलते. स्वतःबद्दल लिहिताना ज्याची लेखणी दीड ओळीत सुकली होती, तो जोडीदाराच्या संपत्तीविषयी तीन पुरवण्या जोडतो. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म याच वणीतला, १८८० चा. वकिली आणि राजकारण सांभाळून त्यांनी टिळकांवर ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे संस्कृत महाकाव्य रचले. आजचे पक्षकार गद्यात लिहितात एवढेच, विस्तारात ते मागे नाहीत. दोन्ही शपथपत्रे शेजारी ठेवून वाचली तर असे निष्पन्न होते की नवऱ्याच्या मते बायको श्रीमंत आहे, बायकोच्या मते नवरा श्रीमंत आहे, स्वतःच्या मते दोघेही कफल्लक आहेत, आणि या चौघांच्या मधोमध उभ्या असलेल्या लेकराच्या सहलीचे तीनशे रुपये आजीने भरले आहेत.

एवढे होऊन न्यायाधीश दोन्ही शपथपत्रांतील अतिशयोक्ती परस्परांत वजा करतात आणि मधलाच एक आकडा ठरवतात. त्या दिवसापासून आव्हानाचे पर्व सुरू होते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, ज्याला आवारात सर्व जण ‘रिव्हिजन’ म्हणतात, आणि तेथेही जमले नाही तर नागपूर. समजा, आदेश महिना सहा हजारांचा आहे आणि बापाची तयारी चार हजारांची होती. म्हणजे वाद दोन हजारांचा, वर्षाला चोवीस हजारांचा. नागपूरच्या एका खेपेला दोन माणसांचे एस.टी.चे भाडे, कारण एकट्याने गेल्यास पुढे कोणाला सांगणार. सकाळी तर्रीपोहे, दुपारी सावजी, कारण नागपूरला जाऊन सावजी न खाणे म्हणजे अपील अर्धवट सोडणे. कागदांच्या प्रती, नोटरी, वकिलांची फी, वकिलांच्या मुनशीचा चहा. पहिल्या वर्षाअखेरीस खर्चाची वही चोवीस हजारांचा पल्ला ओलांडून पुढे गेलेली असते. हितचिंतक हे दाखवून देतात तेव्हा मिळणारे उत्तर विदर्भाच्या आर्थिक इतिहासात कोरून ठेवण्याजोगे आहे: “पैशाचा इषय नाई राह्यला आता. वकिलाले देईन, एस.टी.ले देईन, पण तिले नाई देनार.” तो पैसा तिच्यासाठी नसून लेकरासाठी आहे, ही बाब येथे तांत्रिक समजली जाते.

दरम्यान रक्कम थकते. थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट निघते, आणि वॉरंट बजावूनही पैसे भरले नाहीत तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद वाचून दाखवल्यावर पैसेवारी चमत्कारिक वेगाने सुधारते. ज्याच्याकडे तीन वर्षे एक म्हैसही नव्हती, तो पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून फोन करतो, आणि तासाभरात सुरतचा भाऊ, मेहुणा, आई व मित्र असे सर्व नामधारी मालक आपापल्या पिशव्यांसह हजर होतात. पैसे मोजून झाल्यावर पावती मात्र तो स्वतःच्या नावाने मागतो.

सुधारलेल्या देशांत हे सारे सूत्रावर चालते, असा समज परदेशी गेलेल्यांच्या नातेवाइकांत आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये बालपोषणाच्या आकारणीचा स्वतंत्र कायदा केला. तेथे दोन्ही पालकांची उत्पन्ने आणि लेकरू कोणाकडे किती रात्री राहते हे सूत्रात घातले की आकडा बाहेर पडतो. पण त्याच कायद्याच्या कलम ११७ मध्ये एक खिडकी ठेवलेली आहे: पालकाचे उत्पन्न, कमावण्याची क्षमता, मालमत्ता आणि आर्थिक साधने पाहता हा आकडा अन्यायाचा ठरतो असे दाखवता आले, तर आकारणी बदलून मागता येते. म्हणजे पुन्हा ‘पुरेशी साधने’च. मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी अभियंत्याला या खिडकीपुढे उभे राहावे लागलेच, तर त्याला नवे काहीही शिकावे लागणार नाही. फक्त म्हशीच्या जागी कंपनीची गाडी लिहावी लागेल, आणि सुरतच्या भावाच्या जागी ट्रस्ट.

या सर्व कारभारात लेकरू स्वस्थ बसलेले नसते. ते वाढत असते, ही त्याची वाईट सवय कोणत्याही न्यायालयाला थांबवता आलेली नाही. परिस्थिती बदलल्यास पोटगीची रक्कम बदलून मागता येते, म्हणून बुटाचा नंबर तीनने वाढला की आई वाढीचा अर्ज करते, आणि कापसाचा भाव तीनशेने पडला की बाप घटीचा अर्ज करतो. दोन्ही अर्ज एकाच पेशीवर लागतात आणि लेकरू त्या दिवशी शाळेला दांडी मारून आवारातील लिंबाखाली बसून आलूबोंडा खाते. आलूबोंड्याचे पैसे कोणी दिले याची नोंद दोन्ही बाजूंचे नातेवाईक करून ठेवतात.

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पोरगा एक छापील अर्ज घरी आणतो. त्यात नाव, जन्मतारीख आणि पत्ता झाल्यावर एक रकाना असतो: पालकाचे वार्षिक उत्पन्न. तो आईला विचारतो. आई म्हणते, “थांब बाप्पा, वकीलसाहेबाले इचारते, नाईतर ते कागद तिकडं लावतीन.” रविवारी तो बापाला विचारतो. बाप आधी दार लावून घेतो आणि मग म्हणतो, “रिव्हिजन लागली हाये ना रे. निकाल लागेपर्यंत कोरंच ठेव.” सोमवारी अर्ज देण्याचा शेवटचा दिवस असतो आणि कोरा रकाना चालणार नाही असे गुरुजींनी बजावलेले असते. पोरगा आठ वर्षे पेशीवर गेलेला असल्यामुळे त्याचा शब्दसंग्रह वर्गात सर्वांत चांगला असतो. तो पेनाचे टोपण काढतो आणि त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहितो: प्रकरण न्यायप्रविष्ट.